गिरदावर साहेब ताट पाहायचे

मला त्या माणसाचा अजून राग आहे. वेळ गेला की राग उतरतो, वय झालं की माणूस मऊ होतो, असं सगळे सांगतात. माझा उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही. रस्त्यात नुसती त्यांची पाठ दिसली तरी माझी चाल बिघडते. आणि ती पाठ ओळखू येतेच, कारण पासष्टी उलटल्यावर पाठीवर सरकीचं पोतं बांधून भर बाजारातून फिरणारा दुसरा माणूस आदिलाबादेत नाही.

सरकी भैंशाच्या जिनिंगमधून आणलेली, बरोब्बर दहा किलो. चढणीचा सराव म्हणून ती पाठीवर. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा गिऱ्हाईक शोधत हिंडतोय. एकदा एका व्यापाऱ्याने खरंच भाव विचारला. साहेब थांबलेसुद्धा नाहीत. "ये बेचने का नहीं, चढने का है," म्हणाले आणि पुढं गेले.

ते महसूल खात्यातून गिरदावर म्हणून निवृत्त झाले. गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून शेतं, हद्दी आणि पिकं जागेवर तपासणारा अधिकारी. पद निजामाच्या काळातलं. पुढं कागदावर नाव बदललं, पण आमच्याकडच्या मराठी घरांत ते शेवटपर्यंत गिरदावर साहेबच राहिले. नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नाही. कोणी काहीही सांगितलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, "मौका पाह्यल्याशिवाय बोलायचं नाई." मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. लग्नाच्या पंगतीत जिलेबी चांगली झाली म्हटलं तरी आधी आचाऱ्याची कढई पाहून येणार आणि मग जिलेबीला हात लावणार.

निवृत्तीनंतर त्यांनी डोक्यात घेतला तो पहाड. नेपाळात एका मोठ्या पर्वताभोवती फिरून येणारी एक वाट आहे. अकरा दिवसांचा फेरा, आणि मधे पाच हजार मीटरच्या वरची एक खिंड. ती ओलांडली की फेरा पूर्ण होतो. नाही ओलांडली तर आल्या वाटेनं मुकाट परत यायचं. आमच्या जिल्ह्यातल्या कापसाच्या शेतात उभ्या माणसाला असलं वेड का लागावं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण ते ऐकलं त्याच दिवशी मलाही लागलं. मी गुडीहत्नूरच्या शाळेत गणित शिकवते. पन्नाशी आली होती. शाळा, घर, पोरांची लग्नं, सासूबाईंची औषधं, सगळं वेळच्या वेळी केलं होतं. मला ती खिंड ओलांडायची होती. दुसरं काही नको होतं.

दोन वर्षं आमची तयारी चालली. दर रविवारी त्यांच्या घरी बैठक. शिक्षक, बँकवाले, एक औषधाच्या दुकानाचे मालक, साहेब धरून असे चौदा जण. भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला त्या वाटेचा नकाशा, शेताच्या नकाशासारखाच. मुक्कामाच्या गावांना सर्व्हे नंबर दिलेले. कुंटाल्याच्या धबधब्याच्या पायऱ्या आम्हाला इतक्या वेळा चढायला लावल्या की तिथले चहावाले आम्हाला पाहून हसायचे. नवे बूट घालून आलेल्या बँकवाल्याला त्यांनी पहिल्याच पायरीवरून परत धाडलं. "बूट म्हणजे दस्तऐवज असते. जुना असला तरच कामाचा."

यादीत नाव येणं सोपं नव्हतं. अर्ज लिहून द्यायचा. मग साहेब घरी येणार, तेही जेवणाच्या वेळेला, न सांगता. दारात चप्पल काढणार आणि सरळ तुमच्या ताटासमोर येऊन उभे राहणार.

"भाकर किती?"

"दोन."

"वरण कुठी आहे?"

"आज नाही केलं."

वहीत नोंद. माझा नवरा बँकेत अधिकारी, त्याला घरात येऊन असं कोणी कधी विचारलं नव्हतं. तो घास हातात धरून नुसता पाहत राहिला. साहेब त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुमी जेवा. तुमचा अर्ज नाई." मग मला म्हणाले, "वर भूक मरून जाते मॅडम. जो खाली पोटभर खात नाई, तो वर काय खाईन? पोटात अन्न नाई तं वर पाय नाई."

इथपर्यंत मला ते आवडायचे. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं तेच आहे.

तेलंगणातल्या शाळांना लांब सुट्टी मिळते ती दसऱ्याची. त्या पहाडात जायचा हंगामही तोच. पण दसऱ्याच्या आधीचे नऊ दिवस म्हणजे नवरात्र, आणि आमच्या मराठी घरांत माहूरच्या देवीचे नऊ दिवसांचे उपास. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी तो उपास माझ्या ओटीत घातला. सव्वीस वर्षं मी तो मोडला नव्हता. टायफॉइडमध्ये मोडला नाही, वडील गेले त्या वर्षी मोडला नाही. मी काही फार देवभोळी बाई नाही. पण वर्षातले ते नऊ दिवस माझे असतात. मी काय खाते, कधी खाते, यात त्या दिवसांत कोणी बोट घालत नाही. ज्या बाईने सव्वीस वर्षं दुसऱ्यांची ताटं वाढली, तिला हे बरोबर कळेल.

तारखा ठरल्या त्या रविवारी साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "नवरात्राचा उपास जो धरते, त्याचं नाव नामंजूर."

आम्ही तिघी बायका आणि एक बँकवाले असे चौघे उपास करणारे. मी उठले.

"साहेब, उपास म्हणजे उपाशी राहणं नाही. बटाटे चालतात, शेंगदाणे, खजूर, दूध चालतं. बटाटा तिथं प्रत्येक गावात मिळतो, मी वाचलंय. मी माझं रोजचं खाणं लिहून देते, तुम्ही तपासा."

"नामंजूर."

"काऊन? कारण तर सांगाल?"

"पाच हजार मीटरवर देवी येत नाई उचलाले. तुमच्या एकटीच्या उपासापायी तेरा लोकायचा फेरा बुडाला तं कोण भरून देते? मंजूर पाह्यजे का नामंजूर, एवढं सांगा."

वर हसून हेही म्हणाले की या बायकांच्या गोष्टी आहेत, पहाडाला कळत नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचं हे बोलणं नवं नव्हतं. त्यांची बायको होती तेव्हा नवरात्रात तिला मुद्दाम अंडी उकडायला लावायचे आणि तिच्यासमोर बसून खायचे, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. ती बाई नऊ दिवस संध्याकाळी एक कप दूध आणि बाकी पाणी, एवढ्यावर राहायची आणि ती अंडी उकडून द्यायची. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

बाकीच्या दोघी बायका त्याच दिवशी यादीतून गळाल्या. बँकवाल्याने उपास सोडला, त्याला काहीच वाटलं नाही. मी आठ दिवस झोपले नाही. मग सासूबाईंना सांगितलं. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुई मर्जी." आणि त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, माझ्या हातचा चहाही घेतला नाही. मी यादीत राहिले.

फेरा सुरू होऊन दोन दिवस झाले आणि घटस्थापना आली. दगडी भिंतींचं एक छोटं गाव, अंगणात कोवळं ऊन, लांब बाकावर आम्ही अकरा जण. समोर डाळभात. साहेब वही घेऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. इतरांची ताटं त्यांनी अजून पाहिली नव्हती. मी भाताचा घास उचलला. सव्वीस वर्षांतला त्या दिवशीचा पहिला घास. त्यांनी तो घशाखाली जाईपर्यंत पाहिलं, वहीत खूण केली आणि पुढं सरकले. डाळीची चव मला आठवत नाही. त्यांचा वहीवरचा अंगठा आठवतो.

मग रोज तेच. सकाळ-संध्याकाळ बाकावरून फिरायचं. "अर्ध टाकलं. घ्या अजून." "तुमी गुरुजी, पाणी किती पेले?" एका गुरुजींचा गुडघा सुजला तेव्हा क्षणाचाही विचार न करता त्यांना गाईडच्या मदतनिसाबरोबर खाली पाठवून दिलं. गुरुजी रडले. साहेब म्हणाले, "पहाड कुठी पळून जाऊन नाई राह्यला." कडक होते, पण चुकत नव्हते, आणि त्यामुळं त्यांचा जास्तच संताप यायचा.

आमचा गाईड नेपाळी होता, तरुण, शांत. त्याच्याही घरी दसराच होता आणि तो आमच्यासाठी इथं होता. चौथ्या माळेच्या संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दीदी, साब खाना कब खाते हैं? मैंने देखा नहीं."

आता इथं माझा स्वतःवरचा राग सुरू होतो. मी त्याला काय सांगितलं? मी हसले. म्हटलं, "हमारे में बड़े लोग बाद में खाते हैं." आमच्याकडे पंगत वाढणारा माणूस मागून जेवतो. सगळ्यांची पोटं भरली की मग तो कुठंतरी चुलीजवळ बसून उरलेलं खातो, आणि त्याने काय खाल्लं हे कोणी पाहत नाही. पाहणं वाईट दिसतं. हे आमच्या इतकं अंगात मुरलेलं आहे की अकरा शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही मनात आलं नाही, साहेबांचं ताट कुठं आहे? ते उभे असायचे. उभ्या माणसासमोर ताट नसतं, त्यात विचारायचं काय? गाईड मान हलवून गेला. मोठ्यांच्या रीतीत त्याने तोंड घातलं नाही, कारण मीच त्याला गप्प केलं होतं.

सहाव्या माळेला सकाळी दहाच्या सुमारास ते पडले. दुसऱ्या दिवशी खिंड होती. वरचं पांढरं दिसायला लागलं होतं. साहेब सगळ्यांत मागे चालायचे; मागं वळून पाहिलं तर ते वाटेवर बसले होते. मग आडवे झाले. चेहरा राखेसारखा, हात थरथरत होते, बोलणं तुटत होतं. गाईड धावला. म्हणाला, साखर हवी, मीठ-साखरेची पुडी असेल तर काढा. मी त्यांची पिशवी उपसली. प्रत्येकाकडे चार पुड्या पाहिजेत असा त्यांचाच नियम होता. पुड्या होत्या. त्यांच्या खाली एक स्टीलचा डबा होता, मला वाटलं औषधं असतील, म्हणून उघडला.

आत खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला देवीचा चांदीचा टाक होता. त्याच्यावर कापसाची सहा वस्त्रं घातलेली, आणि बाजूला कागदात तीन ठेवलेली. आमच्या बायका कापूस वळून देवाला वस्त्र करतात, तशीच, पण ओबडधोबड, कुठं जाड, कुठं तुटलेली. पुरुषाच्या हातानं वळलेली.

सहा आणि तीन नऊ. मी गणिताची शिक्षिका आहे. मला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

डबा मी बंद केला. साखरपाणी केलं, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या तोंडात ओतलं. दात घट्ट मिटले होते. मी त्यांचा जबडा दाबून उघडला. इतक्या जोरात दाबला की बोटांचे वळ उठले. बाकीच्यांना वाटलं, मॅडम घाबरल्यात. मी घाबरले नव्हते. त्या क्षणी मला त्यांना चांगल्या दोन ठेवून द्याव्याशा वाटत होत्या.

गाईडने त्यांना खाली नेलं. मदतनीस आधीच गुरुजींबरोबर गेलेला. गाईडशिवाय खिंड ओलांडायची परवानगी नव्हती, आणि थांबायला एकही जादा दिवस हाती नव्हता. सगळ्यांची परतीची तिकिटं, रजा, शाळा. आम्ही सगळे वळलो. मी एकदा मागं पाहिलं. खिंड अगदी स्वच्छ दिसत होती.

खालच्या गावात दुपारी ते शुद्धीवर आले. खोलीत मी एकटीच होते. पेजेची वाटी माझ्या हातात होती. मी म्हटलं, "डबा पाहिला."

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "ती होती तवा मी समोर बसून अंडे खायचो. ती काईच बोलायची नाई. ती गेल्यावर पयल्या नवरात्रात चूल पेटवली, अन् घास काई जाईना. तवापासून धरून राह्यलो. तिच्यावाणीच. सांजच्याले एक कप दूध."

"इथं?"

"खाली गाईचं दूध भेटलं. मंग वर नाई भेटलं. पाण्यावर राह्यलो."

"माझा मोडायला लावलात! माझ्यासमोर उभं राहून मला खायला लावलंत!"

"तुमच्यासाठी मी जिम्मेदार होतो मॅडम."

"आणि स्वतःसाठी कोण जिम्मेदार होतं? दोघांनी मिळून आखला असता उपास. तुम्ही मोज्यांची जोडीसुद्धा आखून दिली होती! बटाटे होते, साखर होती, मी होते. एक शब्द बोलायचा होता."

"कसा बोलू? जिंदगीभर हासलो मी. आता कोणत्या तोंडानं सांगू? लोक हासतील."

म्हणजे हसतील म्हणून. एवढ्यासाठी. मी पेज त्यांच्यासमोर आपटली आणि बाहेर आले. त्यांनी ती खाल्ली की नाही, ते पाहायला मी थांबले नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी महिन्यानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. "खिंड पाह्यली का?" मी म्हटलं, नाही. "अन् उपास?" म्हटलं, मोडला. "मंग काय करून आली?"

डब्याची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सगळे म्हणतात, साहेबांना विरळ हवा लागली. मी ऐकून घेते. त्यांची लाज मी सांभाळत बसलेय, याचाही मला राग येतो.

यंदा पुन्हा जायचं ठरलं तेव्हा यादी माझ्याकडे आली. मी अर्जाची पद्धत बंद केली. शाळेत घेतलेल्या पहिल्याच बैठकीला फळ्यावर यादी लिहिली, शेजारी उपासाचा आणि बिनउपासाचा असे दोन रकाने आखले आणि विचारलं, "नवरात्राचा उपास कोणाकोणाचा आहे? नऊ दिवसांचं खाणं आपण आत्ताच आखून घेऊ." गळालेल्या दोघी बायका परत आल्या होत्या, त्यांचे हात वर झाले. मग आणखी दोन हात वर गेले. मी माझंही नाव उपासाच्या रकान्यात लिहिलं. साहेब मागच्या खुर्चीवर होते. डॉक्टरांनी खालच्या गावांपर्यंत जायची परवानगी दिली होती, तेवढ्यासाठी आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमचा?"

"मले काय विचारता? मी कवा धरला?"

लोक हसले. जुनी गंमत. मी हसले नाही.

"पुन्हा विचारते. खरं सांगितलं तर दोन्ही रकान्यांत जागा आहे. तुमचा उपास असतो का?"

"नाई," ते म्हणाले. सरळ माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाले.

मी यादीतून त्यांचं नाव पुसलं. बँकवाला म्हणाला, मॅडम, हे काय, मोठ्या माणसाचा असा अपमान? मी कारण सांगितलं नाही. साहेबांनी कारण विचारलं नाही. पिशवी उचलली, सगळ्यांना हात जोडले आणि निघून गेले. मला वाटलं होतं, पुसल्यावर जरा बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

परवा शाळेत असताना त्यांचा फोन आला. मधली सुट्टी संपली होती, मी व्हरांड्यात उभी. ना नमस्कार, ना काही.

"लिहून घ्या. तिसऱ्या मुक्कामापासून बटाटे बारके भेटतात, माणशी सहा धरा. शेंगदाणे इथूनच न्या, भाजून. तुमच्या उपासवाल्यायच्या कामी पडंल."

"आणि तुमचं काय?" मी तोडूनच विचारलं.

"माझं काय? मी घरीच आहो. घरी कोणी पाहाले येत नाई."

उपास धरतो, एवढं त्या दिवशी बैठकीत कबूल केलं असतं तर त्यांचं नाव आज यादीत असतं. मी तसं म्हणणार होते. तोच ते पुन्हा बोलले, आवाज जरा खाली आणून.

"अजून एक. ते पावडरचं दूध… उपासाले चालते का? तुमच्या लोकायसाठी विचारून राह्यलो."

मी भिंतीला टेकले. वरच्या प्रत्येक मुक्कामावर, स्वयंपाकघराच्या फळीवर पावडरच्या दुधाचे डबे ओळीनं मांडलेले असायचे. आम्ही त्याचाच चहा पीत होतो. आणि हा माणूस रोज संध्याकाळी ते डबे पाहत होता, आणि हे दूध चालतं की नाही हे विचारायला अख्ख्या जगात त्याला एक माणूस मिळत नव्हता.

"चालतं!" मी ओरडले. "काऊन नाही चालणार? चालतं!"

शेजारच्या वर्गातली पोरं एकदम गप्प झाली.